खतावणीत नसलेला भुंगा

मधमाशीला सध्या बरे दिवस आले आहेत. २०२० साली केंद्र सरकारने मधमाशीपालन आणि मध यांच्यासाठी राष्ट्रीय अभियान जाहीर केले आणि त्याकरिता ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. २०२२ साली महाबळेश्वरजवळचे मांघर हे 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. पुढे आमच्या भुदरगड तालुक्यातील पाटगावही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. डोंगरातल्या माणसाला जंगल न तोडता चार पैसे मिळवून देणारा धंदा वाढतो आहे. त्याबद्दल आनंदच वाटला पाहिजे.

परंतु शेतात आणि रानात मधमाशी एकटी राबत नाही. तिच्या जोडीला आणखी एक गडी आहे. काळाभोर, अंगाने धिप्पाड, उन्हात पंख निळेजांभळे चमकणारा आणि आल्याची वर्दी घरघरत देणारा. तो मध देत नाही, मेण देत नाही, पेटीत राहत नाही. त्यामुळे त्याला अनुदान नाही, त्याचे शिबिर नाही आणि त्याच्या नावाचे गावही नाही. आपण त्याला भुंगा म्हणतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्याची आपल्याकडची राहण्याची जागा एकेक करून गेली, आणि त्याची नोंद कुठल्याही वहीत झाली नाही. आजचा लेख या नोंद न झालेल्या गड्याविषयी आहे.

नोंदीचा मुद्दा मी सवयीने काढतो. माझ्या बँकेतल्या नोकरीची बरीच वर्षे शेतीकर्जाच्या टेबलावर गेली. कोणत्या पिकाला एकरी किती कर्ज द्यायचे हे तिथे बसलेल्या साहेबाच्या मर्जीवर नसते. जिल्ह्याची तांत्रिक समिती पीकवार दर ठरवते, आम्ही त्याला 'स्केल ऑफ फायनान्स' म्हणत असू. त्यात नांगरट असते, बियाणे किंवा रोपे असतात, शेणखत, रासायनिक खत, औषध, भांगलण, पाणी, तोडणी, सारे असते. वांग्याच्या किंवा दोडक्याच्या प्लॉटचा असा खर्च मांडताना फुलाचे फळ कोणी केले, ही बाब मात्र कुठल्याच रकान्यात येत नाही. येणार तरी कशी? त्या कामाची मजुरी कोणी मागितलेली नसते. ज्याचे पैसे मोजावे लागत नाहीत त्याची खतावणीत नोंद होत नाही, आणि ज्याची नोंद नाही ते बुडाले तरी ताळेबंदात कळत नाही.

नेमका कोणता भुंगा?

आपल्या भाषेत भुंगा हा शब्द जरा सैल वापरला जातो. शेणातला किंवा दिव्याभोवती आपटणारा भुंगेरा वेगळा, त्याचे पंख कठीण कवचाखाली असतात. इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकात येणारी गुबगुबीत, पिवळ्याकाळ्या पट्ट्यांची 'बंबलबी' हीही वेगळी. जगात तिच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत, पण तिला थंड हवा मानवते. भारतात तिचे घर हिमालयात आहे, काश्मीरपासून अरुणाचलापर्यंत. सह्याद्रीत ती नाही. तिचे बरेचसे काम आपल्याकडे जो करतो तो हा लाकूड पोखरणारा भुंगा. त्याला 'सुतार माशी' असेही म्हणतात. तो नात्याने मधमाशीच्याच कुळातला आहे.

आपल्या पूर्वजांनी त्याला नीट पाहिले होते. कोरडे लाकूड सहज भेदणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, हा दृष्टान्त ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात आहे. अर्जुनाच्या मोहाची ती उपमा. सातशे वर्षांपूर्वी, १२९० साली सिद्ध झालेल्या ग्रंथात हे निरीक्षण यावे याचा अर्थ एवढाच, की लाकूड पोखरणारा आणि फुलावर जाणारा भुंगा एकच, हे तेव्हाच्या माणसाला ठाऊक होते. आज आपण पहिला भुंगा घरातला उपद्रव समजतो आणि दुसरा कवितेतला रसिक. दोघांचा पत्ता एकच आहे हे विसरून गेलो.

त्याचा संसारही साधा आहे. मधमाशीसारखे हजारोंचे पोळे नाही, राणी नाही, दरबार नाही. मादी वाळक्या लाकडात आपल्या अंगाच्या मापाचे, अगदी गोल भोक पाडते. ती लाकूड खात नाही, कुरतडून भुसा बाहेर टाकते. आत बोगदा करते. पराग आणि मकरंद मळून त्याचा गोळा करते, त्यावर एक अंडे घालते आणि भुशाचीच भिंत घालून खोली बंद करते. मग दुसरी खोली. अशा मोजक्याच खोल्या. पिले थोडी, म्हणून एकेका पिलाची किंमत मोठी. तोंडासमोर घोंगावून लहान मुलांना घाबरवणारा असतो तो बहुधा नर, आणि नराला नांगीच नसते. मादीला असते, पण हातात धरल्याशिवाय ती सहसा डंख करीत नाही.

वांग्याच्या फुलाचे कुलूप

आता त्याच्या कामाकडे वळू. कृष्णाकाठच्या वांग्याची चव आपल्याला नव्याने सांगायला नको. भरल्या वांग्याला वांगे तिथलेच हवे, असा आग्रह धरणाऱ्या आमच्या घरांमध्ये वांग्याचे फूल मात्र फारसे कोणी निरखून पाहिलेले नसते. जांभळ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुपका. बहुतेक फुलांत पराग बाहेर मोकळा पडलेला असतो, कोणीही यावे आणि न्यावा. वांग्याचे तसे नाही. पराग पुंकेसराच्या आत बंद असतो आणि टोकाला फक्त बारीकसे छिद्र असते, मिरपुडीच्या डबीला असते तसे. डबी हलवल्याशिवाय पूड पडत नाही.

ही डबी हलवण्याची हातोटी भुंग्याकडे आहे. तो फुलाला लटकतो, पायांनी पुंकेसर घट्ट धरतो, पंख मिटून घेतो आणि उडण्याचे स्नायू मात्र जोरात थरथरवतो. सकाळी वांग्याच्या शेतात उभे राहिलात तर हे कानांनी कळते. उडतानाची खर्जातली घरघर थांबते आणि फुलावर एकदम चढ्या सुरातला आवाज येतो. तेवढ्यात पराग त्याच्या पोटावर सांडलेला असतो. पुढच्या फुलावर गेला की त्यातला थोडा तिथे लागतो. मधमाशीला ही थरथर जमत नाही. ती मेहनती खरी, पण या कुलपाची किल्ली तिच्याजवळ नाही. आपल्याकडची निळ्या पट्ट्यांची एक छोटी रानमाशी हेच काम करते, पण तिचेही नाव कोणत्या योजनेत नाही. टोमॅटोचे फूलही याच घराण्यातले.

वारा आला तरी वांग्याचे, टोमॅटोचे फूल थोडेफार हलते आणि काही फळ धरते. त्यामुळे भुंगा नसला की पीक शून्य होईल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. पण भुंगा येऊन गेलेल्या फुलांतून फळधारणा अधिक होते आणि फळ भरते. शेवग्याच्या फुलावरही मोठ्या अंगाच्या भुंग्याचे काम विशेष. तागाचे फूल उघडायला माशीच्या अंगात वजन लागते. तुरीचे संकरित बियाणे करायचे तर एका ओळीचा पराग दुसऱ्या ओळीवर भुंगे आणि त्यांचे भाऊबंदच नेतात. रस्त्याकडेची रुई, जिची माळ आपण शनिवारी मारुतीला घालतो, तिच्या परागाच्या पुड्या ओढून काढायलाही असाच ताकदीचा गडी लागतो.

हा गडी रात्रपाळीही करतो. पुण्याजवळच्या भीमाशंकरच्या अभयारण्यात हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस या शास्त्रज्ञांनी वारस या झाडाचा अभ्यास केला. वारसाची पांढरी फुले रात्री फुलतात आणि त्यांचे परागीभवन भुंगे करतात, हे त्यांनी २००१ साली मांडले. पुढे २००८ साली त्याच जंगलातल्या भुंग्याच्या दुसऱ्या एका जातीवर त्यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर काम केले. चांदण्यांच्या अंधुक उजेडातही तिला रंग ओळखता येतात, असे त्यात दिसले. त्या उजेडात आपल्याला फक्त काळे-करडे दिसते. आपल्याच सह्याद्रीतल्या प्राण्यावर जगाने दखल घ्यावी असे काम झाले, पण ते आपल्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचले नाही.

स्लॅब पडला, भुंग्याने जायचे कुठे?

काही वर्षांपूर्वी शिरोळ तालुक्यात एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेलो होतो. वय ऐंशीच्या घरात, पण रोज शेतात फेरी. बोलता बोलता मी विचारले, "आबा, पूर्वी वांग्यावर भुंगे फार दिसायचे, आता का दिसत नाहीत?" आबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सायेब, आमच्या जुन्या घराच्या आढ्यात भुंगं असायचं. खाली भुसा पडायचा, म्हातारी शिव्या द्यायची. आता घरावर स्लॅब पडला. भुंग्यानं जायचं कुटं?"

एखाद्या अहवालात चार पानांत आले असते ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. भुंग्याला दोन गोष्टी लागतात. राहायला वाळके, न रंगवलेले लाकूड आणि वर्षभर कुठे ना कुठे फूल. जुन्या कोल्हापूर जिल्ह्यात दोन्ही मुबलक होते. कौलारू घरांचे वासे, गोठ्याचे मेढे, परड्यातले बांबूचे बेट, कुंपणाची शेवरी, बांधावरचा पांगारा आणि शेवगा, घायपाताचे वाळलेले दांडे. यातले काहीही कोणी भुंग्यासाठी ठेवले नव्हते. ते आपल्या सोयीने उभे होते आणि त्यात तो भाडे न देता राहत होता.

मग आपली सोय बदलली. राधानगरी धरणापासून पाण्याची सोय वाढत गेली, ऊस आला, उसाने जिल्ह्याला पैसा दिला. मुलांची शिक्षणे आणि मुलींची लग्ने ज्या पिकाने केली त्याला नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ऊस कांडीपासून लावतात. त्याला ना फूल हवे, ना भुंगा. जिल्ह्याचे मुख्य पीकच परागीभवनावर अवलंबून नसल्यामुळे भुंगा कमी झाल्याचा फटका साखर कारखान्याच्या काट्यावर दिसत नाही. तो दिसतो भाजीवाल्याच्या प्लॉटमध्ये आणि परसातल्या शेवग्यावर. त्यांचा आवाज लहान.

उसाबरोबर बांध बारीक झाले. वाटण्या झाल्या तसे दोन्हीकडून कोरून ते फूटभरावर आले. मजूर मिळेनात म्हणून बांधावर तणनाशक आले. पाचट पेटवले की बांधावरची वाळकी शेवरीही त्यात जळते. आणि वांग्याचे दुखणे वेगळेच. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणीवर फवारणी करावी लागते. तीही बहुधा सकाळी, वारा पडलेला असताना. म्हणजे जेव्हा फूल उघडे आणि भुंगा कामावर, नेमके तेव्हा. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. अळीचे नुकसान त्याला डोळ्यांनी दिसते, भुंग्याचे दिसत नाही. युरोपीय संघाने निओनिकोटिनॉइड गटातील तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर २०१८ साली बंद केला, तो मधमाश्या आणि त्यांच्या भावकीच्या काळजीपोटीच. आपल्याकडे त्या गटातली औषधे दुकानात सहज मिळतात.

विकतचा भुंगा

यावर कोणी म्हणेल, की जग पुढे गेले आहे. भुंगा नसेल तर विकत आणू. हा विचार जगाने करून पाहिला आहे. युरोपात काचघरांत टोमॅटो पिकवणारे लोक पूर्वी विजेवर थरथरणारी कांडी घेऊन फुलाफुलाला लावत फिरत. आत वारा नाही, माशी नाही, मग हे काम मजुरांचेच. १९८७ साली बेल्जियमचे पशुवैद्य रोलंड द योंगे यांनी बंबलबी पेटीत वाढवून विकण्याचा धंदा सुरू केला आणि थोड्याच वर्षांत ती कांडी अडगळीत गेली. ज्याची मजुरी कोणी मोजली नव्हती त्याला एकाएकी बाजारभाव आला.

पुढची हकीकत मात्र तितकी गोड नाही. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाने १९९०च्या दशकाच्या शेवटी ही युरोपीय बंबलबी आयात केली. ती शेतात थांबली नाही. अँडीज पर्वत ओलांडून २००६पर्यंत शेजारच्या अर्जेंटिनात पोहोचली. सोबत रोगजंतूही गेले. तिथली सोनेरी रंगाची, जगातल्या सर्वात मोठ्या बंबलबींपैकी एक असलेली देशी जात त्यानंतर जागोजाग नाहीशी होत गेली. जपानने २००६ साली त्याच युरोपीय माशीवर कायद्याने निर्बंध घातले. न्यूझीलंडचा दाखला उलटा दिला जातो. तिथे लाल क्लोव्हर या चाऱ्याला बी धरत नव्हते, म्हणून १८८५ साली इंग्लंडहून बंबलबी नेली आणि बी धरू लागले. हे खरे आहे. पण त्या नेलेल्या जातींपैकी एक पुढे खुद्द इंग्लंडातच संपली. ज्या घरून सून नेली ते माहेरच ओस पडले.

आपल्याला हा धडा दुरून शिकण्याची गरज नाही. १९९१-९२च्या सुमारास दक्षिण भारतात आपल्या देशी सातेरी मधमाशीवर सॅकब्रूड नावाच्या विषाणूची साथ आली आणि बहुसंख्य वसाहती बसल्या. एकाच माशीवर सारी भिस्त ठेवली की काय होते ते त्या साथीने दाखवले. शिरोळ-हातकणंगल्याच्या पॉलिहाउसवाल्यांना उद्या कोणी परदेशी बंबलबीचे खोके देऊ केले, तर ते घेण्याआधी चिलीची गोष्ट आठवावी. हिमाचलात सोलनजवळच्या नौणी येथील विद्यापीठात त्यांच्या स्थानिक बंबलबीला वाढवण्याचे प्रयोग झाले आहेत. रास्त वाट तीच आहे. जिथली माशी तिथेच वाढवावी.

ब्राझीलने तेच केले. तिथे पॅशनफ्रूटचे पीक मोठे. त्याचे फूल इतके रुंद, की मधमाशी पराग नेते पण तो स्त्रीकेसराला लागतच नाही. भुंग्याची पाठ मात्र बरोबर लागते. भुंगे कमी पडले तिथे फुले हाताने फळवण्यासाठी माणसे लावावी लागतात. म्हणून तिथल्या अभ्यासकांनी भुंग्यांसाठी लाकडाची, बांबूची घरटी बागेत ठेवून पाहिली, आणि भुंगे त्यात राहिले. आपल्याकडेही कर्टुल्याची शेती करणारे सकाळी नरफुले खुडून मादीफुलांना लावत फिरतात. या कामाची मजुरी ज्याने दिली असेल त्याला भुंग्याची किंमत मी सांगायला नको.

कोरड्यास कोण देणार?

जैवविविधतेवरील आंतरराष्ट्रीय मंचाने २०१६ साली एक हिशेब मांडला. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक पिके कमी-अधिक प्रमाणात कीटक, पक्षी यांच्याकडून होणाऱ्या परागीभवनाचा लाभ घेतात. मात्र एकूण पीकउत्पादनातला प्रत्यक्ष त्यांच्यामुळे येणारा वाटा ५ ते ८ टक्के. त्याची वार्षिक किंमत २३५ ते ५७७ अब्ज डॉलर. हे दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. ज्वारी, गहू, भात यांना भुंगा लागत नाही. म्हणजे भुंगा गेल्याने उपासमार होणार नाही. कोल्हापुरी भाषेत सांगायचे तर भाकरी राहील, कोरड्यास महाग होईल. आणि गरिबाच्या ताटातले कोरड्यास आधी पातळ होते.

मग करायचे काय? सुदैवाने यात कोट्यवधींच्या योजनेची गरज नाही. मधाच्या अभियानातच एक ओळ वाढवता येईल, की मध न देणाऱ्या देशी माश्यांची घरटी जपणाऱ्या शेतकऱ्यालाही काही मिळावे. पीककर्जाचे दर ठरवणाऱ्यांनी भाजीपाल्याच्या खर्चात बांधावरच्या फुलझाडांसाठी छोटासा रकाना ठेवावा. रक्कम नगण्य असेल, पण बँकेच्या कागदावर आलेली गोष्ट लोक खरी मानतात, हा माझा नोकरीतला अनुभव आहे. शिवाजी विद्यापीठातील आणि कृषी महाविद्यालयातील मुलांनी तालुकावार भुंग्यांची पाहणी केली तर पुढच्या दहा वर्षांनी तुलना करायला निदान एक आकडा हाताशी राहील.

शेतकऱ्याने फवारणी संध्याकाळी करावी. बांधाचा एक कोपरा तणनाशकापासून आणि काडेपेटीपासून वाचवावा. शेवग्याची वाळकी फांदी मोडायची घाई करू नये. आणि ज्यांच्याकडे शेत नाही, त्या आपण शहरवासीयांनी? एका टोकाला पेर बंद असलेला, हातभर लांबीचा वाळका बांबू गॅलरीत आडोशाला आडवा बांधावा. घराचा लाकडी वासा वाचवायचा असेल तर त्याला तेलरंग द्यावा. रंगवलेले लाकूड भुंगा सहसा पोखरत नाही. कुंडीत एखादे वांग्याचे रोप लावावे, मुलांना सकाळी त्याच्यापाशी उभे करावे आणि ऐकायला सांगावे. भुंगा आला तर फुलावर त्याचा सूर कसा चढतो ते त्यांना कळेल. आला नाही, तर का आला नाही हा प्रश्न त्यांना पडेल. त्याचे उत्तर मात्र आपल्या पिढीला द्यावे लागेल.